कुठली नळी माझी?

सुरतेला समुद्र जवळ आहे, पण पाण्याखालचे काही पाहायचे म्हटले तर तो उपयोगाचा नाही. डुमसला भरती-ओहोटीचा जोर एवढा आणि गाळ एवढा, की गुडघाभर पाण्यात स्वतःची पावले दिसत नाहीत. म्हणून आम्ही तिघे भावंडे स्कुबा शिकलो ती मालवणला. आता दिवाळीच्या सुट्टीत कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचे, तेथून मालवण गाठायचे आणि दोन-चार बुड्या मारून परतायचे, असा परिपाठच झाला आहे.

आम्ही याच शाळेत शिकलो. इथे आलो की मुले हमखास विचारतात, "ऑक्सिजन किती वेळ पुरतो?" मुलांनो, पाठीवर ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे तीच हवा निम्माच वेळ पुरते. ही हवा हवी तेवढी आणि हवी तेव्हा तोंडात देणारे रेग्युलेटर १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ या दोघांनी तयार केले. आजही मूळ युक्ती तीच आहे.

पाण्यात नेहमी जोडीने उतरायचे असते. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने द्यायची, म्हणून प्रत्येकाच्या रेग्युलेटरला एक जादा नळी असते. बहुतेकांची ती पिवळी असते आणि छातीपाशी अडकवलेली असते. जोडीदाराने ती ओढून घ्यायची. पण दादाने दोन वर्षांपूर्वी स्वतःचा संच घेतला तो वेगळ्या पद्धतीचा. त्यात तोंडातली नळीच सुमारे दोन मीटर लांब, मानेभोवती फिरवून घेतलेली. अडचणीच्या वेळी तोंडातली नळी काढून जोडीदाराला द्यायची आणि हनुवटीखाली इलॅस्टिकने अडकवलेली जादा नळी आपण घ्यायची. ही पद्धत अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांमधून आली. तिथे वाट इतकी अरुंद की दोघांना एकामागून एक बाहेर पडावे लागते, म्हणून नळी लांब.

धाकटा म्हणाला, "मालवणात कुठे गुहा आहेत? नुसती ऐट!" दादा म्हणाला, "भाड्याच्या सामानावर जीव टाकणाऱ्याने मला शिकवू नये." जेवणाच्या ताटावरची ही बाचाबाची गाडीत बसल्यावरही निवळली नाही. वलसाड गेले, वसई गेली, पनवेल आले, तरी दोघे दोन खिडक्यांना तोंडे लावून. आईने दिलेला चिवडासुद्धा वेगवेगळा खाल्ला.

बोटीवर पुन्हा सुरू झाले तेव्हा आमचे प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "वाद घालूचो आसलो तर हयच घाला. खाली तोंडात नळी असतली." आणि त्यांनी दोघांना जोडीदार केले. आम्हाला तेव्हा हे अजिबात पटले नव्हते.

तीन-चार मीटरवर सराव सुरू झाला. धाकट्याने गळ्यावर हात आडवा फिरवून 'हवा संपली' अशी खूण केली, तोंडातली नळी काढली आणि सवयीने दादाच्या छातीवर पिवळे काही दिसते का ते चाचपू लागला. दादा त्याच वेळी स्वतःच्या तोंडातली नळी पुढे करत होता. हातावर हात आपटले. नळी निसटली. धाकट्याच्या नाकातोंडात खारे पाणी गेले. प्रशिक्षक हातभर अंतरावर होते, त्यांनी लगेच आपली नळी दिली, म्हणून निभावले. वर आल्यावर दादाचा चेहरा धाकट्यापेक्षा जास्त पांढरा पडला होता.

आरडाओरडा कोणीच केला नाही. प्रशिक्षकांनी चहा दिला आणि एक विचित्र अट घातली: प्रत्येकाने दुसऱ्याच्या पद्धतीतले चांगले काय ते आधी सांगायचे, आपली तक्रार नंतर. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पिवळी नळी घाबरलेल्या माणसालाही पटकन दिसते. आणि इथे दहातले नऊ जण तीच वापरतात, म्हणजे अनोळखी जोडीदारालाही ती ठाऊक असते." धाकटा म्हणाला, "तुझ्या तोंडातली नळी चालू आहे, हे नक्की असते. माझी लोंबती नळी वाळूत घासून आलेली असली तरी मला कळणार नाही." मग नळीच्या लांबीवरून, जाकिटाच्या कप्प्यांवरून, भाड्याच्या संचात काय तपासून घ्यावे यावरून तासभर बोलणे चालले. एवढे ते घरी कधी बोलले नव्हते. मग तोच सराव सहा वेळा केला, निम्मा दादाच्या पद्धतीने आणि निम्मा धाकट्याच्या.

मत मात्र कोणाचेच बदलले नाही. यंदा धाकट्यानेही स्वतःचा संच घेतला, पिवळ्या नळीचा. दादाला तो अजून पटत नाही, आणि धाकटा दादाच्या नळीला अजून 'अजगर' म्हणतो. पण बोट थांबली की दादा चष्मा पुसत पहिला प्रश्न विचारतो, "सांग बघू, यातली कुठली माझी?" धाकटा बोट ठेवून दाखवतो आणि मग तोच प्रश्न दादाला विचारतो.