शून्याची ओळ

डिसेंबरात ऑफिसच्या क्रिकेट स्पर्धेत मी डीप मिडविकेटवरून एक थ्रो केला. बॉल थेट कीपरच्या हातात, बॅट्समन रनआउट, सगळ्यांनी मला उचलून घेतलं वगैरे. 'तेव्हाच खांद्यातून कट् असा आवाज आला' असं मी आता सगळ्यांना सांगतो. खरं तर आवाजबिवाज काही आला नव्हता. रात्री टी-शर्ट डोक्यातून काढता येईना, तेव्हा कळलं.

एमआरआय झाला. रोटेटर कफ अर्धवट फाटलेला. ऑपरेशन नको, पण चार महिने फिजिओथेरपी. पहिल्या दिवशी फिजिओने काय करायला सांगावं? भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची! माझी मुंगी छातीपाशीच थांबली.

आता माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी एक आकडा लागतो. किती बग बंद झाले, किती टेस्ट पास झाल्या. म्हणून मी खांद्याचीही एक्सेल शीट केली: आज हात किती अंश वर गेला. तीन आठवडे आकडा हलेना. मग एका शनिवारी कुणाला न सांगता पार्किंगमध्ये टेनिस बॉल घेऊन दोन थ्रो मारून पाहिले. फळ काय? मुंगी पुन्हा पोटाशी.

हे रडगाणं मी कॉलेजातल्या रूममेटला फोनवर ऐकवलं. तो सध्या सॅन डिएगोला ऑनसाइट आहे आणि तिकडे जाऊन पक्का बेसबॉलवेडा झालाय. सगळं ऐकून म्हणाला, "ट्रेव्हर हॉफमनचा रेकॉर्ड उघड आणि २००३ ची ओळ बघ."

हॉफमन हा सॅन डिएगो पाड्रेसचा रिलीफ पिचर. आपल्याकडे शेवटच्या ओव्हर्ससाठी राखून ठेवलेला बोलर असतो ना, साधारण तसा. आघाडी थोडी असताना शेवटच्या इनिंगला यायचं आणि मॅच हातातून जाऊ द्यायची नाही. जमलं तर नावावर एक 'सेव्ह'. हॉफमनचे एकूण सेव्ह ६०१. ५०० आणि ६०० हे दोन्ही टप्पे सगळ्यात आधी त्याने गाठले. आता वर्षवार यादी बघा. १९९८: ५३. २००२: ३८. २००३: ०. २००४: ४१.

त्या शून्याच्या मागे खांदा आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला लाडू. तो घरंगळू नये म्हणून चार छोटे स्नायू त्याला धरून ठेवतात, तोच रोटेटर कफ. पिचरचा दंड सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. बॉल सुटून जातो, पण हाताला ब्रेक लावायचं काम उरतं आणि त्यातला मोठा वाटा या स्नायूंचा. असं वर्षानुवर्षं. हॉफमनचं एक ऑपरेशन २००२ च्या ऑक्टोबरात झालं, दुसरं २००३ च्या फेब्रुवारीत. वय ३५. या वयात आणि या धंद्यात लोक निवृत्तीचं भाषण लिहायला घेतात.

त्या वर्षी त्याची जागा रॉड बेकने घेतली. बेक तेव्हा छोट्या लीगमध्ये आयोवात खेळत होता आणि स्टेडियममागे आपली मोटारहोम लावून तिच्यातच राहायचा. तो पाड्रेसमध्ये आला आणि २० पैकी २० सेव्ह केले. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. महिनाभराच्या रजेवर जावं आणि नव्या पोराने आपलं मॉड्यूल एकही बग न येता चालवून दाखवावं, तसं!

हॉफमन सप्टेंबरात परतला. टीम ९८ मॅच हरून तळाला जाणार होती. कुणाला घाई नव्हती आणि वाचवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. तो ९ मॅचमध्ये ९ इनिंग टाकून गेला. सेव्ह शून्य.

पण मला खरं चकवलं ते वरच्या एका ओळीने. १९९५: ३१ सेव्ह. छान दिसतंय ना? १९९४ मध्ये खेळाडूंचा संप चालू असताना हे महाशय समुद्रकिनाऱ्यावर खेळताना पडले आणि खांदा दुखावून बसले. १९९५ चा हंगाम त्याच दुखऱ्या खांद्याने काढला आणि हंगाम संपल्यावर ऑपरेशन टेबलावर गेले. ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जाणारा त्याचा फास्टबॉल कायमचा मंदावला. मग त्याने चेंजअप घोटून घोटून तयार केला. हात तोच, झटका तोच, पण बॉल येतो हळू. आपला स्लोअर वनच म्हणा. पुढे त्याच बॉलने त्याचं नाव झालं.

म्हणजे जिथे ३१ लिहिलंय तिथे खांदा फाटलेला होता आणि जिथे शून्य लिहिलंय तिथे तो सांधत होता. रेकॉर्ड सेव्ह मोजतो, खांदा मोजत नाही. दोन्ही एकच आहेत असं मी धरून चाललो होतो. पार्किंगमधले ते दोन थ्रो त्याच हिशेबातून आले. शीटमध्ये काहीतरी हलावं म्हणून!

मग सवयीने बेरीज करून पाहिली. २००३ च्या आधी ३५२ सेव्ह. नंतर २४९, तेही वयाच्या छत्तिशीपासून बेचाळिशीपर्यंत. २०१८ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. अर्थात प्रत्येकाचं असं होत नाही. पुष्कळ पिचर खांद्याच्या ऑपरेशननंतर परत येतच नाहीत. आणि मी काही हॉफमन नाही; मला फक्त माळ्यावरची बॅग काढता आली तरी पुष्कळ.

शीट अजून आहे, पण त्यात आता अंश लिहीत नाही. व्यायाम केला की नुसती टिक करतो. मुंगी सध्या कपाळापर्यंत चढते. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता निदान केस विंचरशील."

आजची टिक बाकी आहे. उठतो.