उत्रोलीहून उत्रेख्तला

लेक उत्रेख्तला असते म्हटलं, की उत्रोलीतल्या बायकांना वाटतं, मी आपल्याच गावाचं नाव बोबडं बोलते. नेदरलँड्समधलं हे शहर मी यंदा पहिल्यांदा पाहिलं, आणि पहिल्याच दिवशी लेकीनं मला स्टेशनाशेजारी जमिनीखाली नेलं. तीन मजले, साडेबारा हजार सायकलींची जागा! २०१९ मध्ये हा तळ पुरा झाला, तेव्हा जगात एवढा मोठा दुसरा नव्हता. माणसं सायकलवरून न उतरता आत येतात. सुटातले साहेब, पिकल्या केसांच्या आजी, पुढच्या लाकडी पेटीत दोन पोरं बसवलेली आई. पहिले चोवीस तास फुकट. मी भिंतीला टेकून अर्धा तास नुसती बघत राहिले. भोरच्या बाजारासारखी गर्दी, आणि हॉर्न एक नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीची सायकल चोरीला गेली. कालव्याच्या कठड्याला बांधली होती. तुटलेली साखळी तेवढी खाली पडलेली. माझ्या पोटात गोळा आला. मी आठवीत असताना भोरला माझी सायकल अशीच गेली होती. बाबांनी भात विकून घेतलेली, जुनी, दांड्याची. तिच्यावर मी कैची मारत शिकले. दुसरी कधी आली नाही. दहावीपर्यंत पायी गेले, आणि घरात सायकलीचं नाव कुणी काढलं नाही.

लेक मात्र रडली नाही. फ्रेमवरचा नंबर तिनं पोलिसांना कळवला आणि संध्याकाळी जुन्या सायकलींच्या दुकानात गेली. पसंत पडलेल्या सायकलीचा नंबर चोरीच्या नोंदीत नाही ना, हे आधी फोनवर तपासलं. मागच्या चाकाला गोल कुलूप होतंच, वर मनगटाएवढी जाड साखळी घेतली. “आई, इथं सगळ्यांचीच जाते कधीतरी,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकलवरच कामाला गेली.

चोरी इथं जुनीच. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून, कुणीही न्याव्यात म्हणून बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलल्या, कारण सायकलीला कुलूप न लावणं हाच तिथं गुन्हा होता! आणि सायकलींच्या या सुरक्षित वाटाही आयत्या मिळालेल्या नाहीत. १९७१ साली एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांचे खून थांबवा’ ही त्यांची हाक. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारी बंद राहिल्या, तेव्हा लोकांनी मोकळा रस्ता डोळ्यांनी पाहिला. मेलेल्या मुलांचा तो आकडा ऐकल्यापासून मला आमचा हायवे आणि त्याच्या कडेनं दप्तर घेऊन चालणारी पोरं दिसत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं मला कॅरिअरवर बसवलं. पुण्यात एके काळी डबलसीट दिसली की पोलीस अडवायचे, म्हणून मी आधी मागेपुढे पाहिलं. इथं चालतं. मोठ्या कालव्यावरचा सायकलींचा पूल ओलांडला, तर त्याचा उतार चक्क एका शाळेच्या छपरावरून वळत खाली येतो. खाली पोरांचा गलका, वर आमची सायकल. एका हातानं मी लेकीची कंबर धरली होती. दुसऱ्या हातात नव्या साखळीची किल्ली होती, ती उतरेपर्यंत मुठीतून सोडली नाही.