आठ मीटरवर उभं राहून

पवईत रात्री पूर्ण अंधार असा कुठे सापडतच नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ओळीने दिवे आहेत, हिरानंदानीच्या इमारती तळ्याच्या पाण्यात उलट्या उभ्या दिसतात. तरीही रात्री दहानंतर या रस्त्याने गाडी चालवून बघा. समोरून येणाऱ्या कितीतरी गाड्यांचे दिवे पांढरेफटक असतात, दुभाजक ओलांडून थेट डोळ्यांत घुसतात, आणि ती गाडी निघून गेल्यावर दोन-तीन सेकंद आपल्यापुढे नुसता काळा पडदा उरतो. त्या पडद्यामागे रस्ता ओलांडणारा माणूस असू शकतो.

असे दिवे बसवणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं. समोरच्यांचे डोळ्यांवर येतात, म्हणून मीही लावले.

आमच्या घरात ही मागणी बाबांनी केली. आमची २०१२ सालची वॅगनआर आहे, आणि दरवर्षी गणपतीला आम्ही तिच्यातून संगमेश्वरजवळच्या गावी जातो. पेण-वडखळची गर्दी टाळायला रात्री निघायचं, बाबांनी चालवायचं, आईने त्यांना झोप येऊ नये म्हणून बोलत राहायचं, मी मागे सामानात रुतून बसायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गेल्या मे महिन्यात बाबा म्हणाले, "अगं, दिव्यांचं काहीतरी कर. रस्ता दिसत नाही. तो गॅरेजवाला म्हणत होता, एलईडी टाकून देतो, दिवसासारखं दिसेल."

आई काही बोलली नाही. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून कळलं की बाबांना रस्ता दिसत नाही हे तिला आधीपासून माहीत होतं.

मी गाडी चालवते, गाड्यांबद्दल वाचतेही. त्यामुळे मी एवढंच म्हटलं, "एलईडी नको. आधी आहे तो दिवा उघडून बघू."

आपल्याकडच्या लाखो साध्या गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यावर ६०/५५ वॅट असं लिहिलेलं असतं, कारण आत दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड मागच्या आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. भिंतीवर डिपर पाडून बघितला तर वर अंधार, खाली उजेड आणि मधे एक रेघ दिसते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो म्हणून ही रेघ डावीकडे जरा वर चढते. पादचारी आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. उजवीकडे ती खालीच राहते, कारण तिकडे समोरून येणाऱ्याचे डोळे असतात.

आरशाचा प्रत्येक उंचवटा त्या बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो. त्याच खोबणीत एलईडी बसवला की उजेड तारेऐवजी एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप्समधून निघतो. जागा आणि आकार किंचित जरी बदलले तरी आरसा त्याला न सांगितलेल्या दिशांना उजेड फेकतो. गाडीपुढचा रस्ता झगझगीत होतो, चालवणारा खूश होतो, लांबचा रस्ता मात्र बऱ्याचदा पूर्वीपेक्षा कमीच दिसतो, आणि मधली रेघ पुसली जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या काही प्रोजेक्टरांची गंमत आणखी वेगळी. ते उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात, त्यांची रेघ चढते ती नेमकी आपल्या समोरच्याच्या तोंडावर.

कायदाही आहे. मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. पण मला जास्त आवडला तो केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६. तो म्हणतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपवणार नाही इतका झोत कायम खाली वळलेला हवा. म्हणजे दिव्याचं मोजमाप चालकाच्या सीटवरून करायचंच नाही. समोर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोळ्यांतून करायचं.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं. मग आपल्याकडे काय काय करता येईल ते सांग."

बाबांनी ३४ वर्षं साकीनाक्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. डाय पॉलिश करणं हे त्यांचं काम. आमच्या गाडीच्या हेडलाइटची काच म्हणजे खरं तर काच नाहीच, पॉलिकार्बोनेट आहे. प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींना गोल काचेचे दिवे होते, ते फुटायचे पण पिवळे पडत नसत. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण ऊन त्याला खातं. त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा एक पातळ थर असतो, तो दहा-बारा वर्षांत झिजतो आणि मग दिवा पिवळा, धुरकट होतो. बल्ब पूर्ण जळत असतो, उजेड आतच विखरून जातो.

एका रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी आम्ही गाडी लावली. दिव्याभोवती मास्किंग टेप. बादलीत पाणी. मग वॉटर पेपर: ८००, १०००, १५००, २०००, शेवटी ३०००. मी गोल गोल घासायला लागले तशी बाबांनी मनगट धरलं. "असं नाही. ८०० आडवा मार. १००० उभा मार. आडव्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. पुढचा कागद मागच्याचं पाप धुतो, पण दोन कागद मागचं धूत नाही."

पहिल्या कागदाला दुधट पिवळं पाणी गळू लागलं. अर्ध्या तासाने दिवा आधीपेक्षा वाईट, पार आंधळा दिसायला लागला. वरून कुणीतरी ओरडलं, "टूथपेस्ट लावा ना काका!" बाबा हसले. टूथपेस्टने चकाकी येते, पण संरक्षक थर परत येत नाही, काही महिन्यांत पुन्हा तेच. आम्ही कंपाउंडने घासून, पुसून, तोंडाला मास्क लावून उघड्यावर यूव्ही क्लिअर कोट मारला आणि गाडी रात्रभर वाळू दिली.

पुढच्या रविवारी वायरिंग. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, आणि बारीक, म्हाताऱ्या वायरमध्ये व्होल्टेज गळतं. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो. म्हणून रिले आणि जाड वायरचं तयार हार्नेस घेतलं, फ्यूजसकट. बॅटरीतून थेट बल्बपर्यंत. बल्ब तेच ६०/५५ वॅटचे, फक्त नवे. दुकानदाराने ९०/१०० वॅटचे पुढे केले होते. ते होल्डर वितळवतात, आणि समोरच्याला दिपवतात ते वेगळंच.

शेवटी भिंत. हवा भरलेली, टाकी अर्ध्याच्या वर, सीटवर आई बसलेली. भिंतीपासून ८ मीटर मोजून बाबांनी खडूने दिव्यांच्या मध्याची उंची आखली आणि तिच्याखाली ८ सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारली. मी स्क्रू फिरवत गेले, उजेडाची कड खडूच्या रेघेवर येऊन बसली. अशी धारदार कड मी आमच्या गाडीची कधी पाहिलीच नव्हती.

हे चालू असताना बाबांना त्यांच्या लहानपणचे दिवे आठवले. १९७१ च्या युद्धात ते नऊ वर्षांचे होते, लालबागच्या चाळीत. मुंबईत ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, आणि गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. युद्ध संपल्यावरही पुढे कैक वर्षं दिव्यांवर काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका दिसायचा, तो समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून. "तेव्हा लोक घरी ब्रश घेऊन दिवा कमी करायचे," बाबा म्हणाले, "आता वाढवतात."

त्या रात्री आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. फिल्टरपाड्यावरून आरेत शिरलो. मुंबईत दिव्यांची परीक्षा घ्यायची तर तोच रस्ता, झाडं दोन्हीकडून ओणवलेली, बिबट्यांचा वावर, वेग आपोआप कमी. बाबा चालवत होते. डावीकडची झाडांची खोडं, मैलाचा दगड, एका वळणावर बसलेलं कुत्रं, सगळं वेळेत दिसत होतं. निदान मला.

समोरून एक रिक्षा आली. रिक्षाच, तिचे दिवे ते केवढे! बाबांनी गाडी जवळजवळ थांबवली.

"काय झालं?"

"दिवा फुटतो," ते म्हणाले. "समोरचा. फुटून सगळीकडे पसरतो. त्याच्यामागचं काही दिसत नाही."

रिक्षा गेली. ते हँडब्रेक ओढून थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "जॉब मापात येत नसेल तर आधी मशीन बघायचं. मशीन ठीक असेल तर मग मायक्रोमीटर बघायचा." आणि डोळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "मायक्रोमीटर गेलाय."

मला जे दोन वर्षं बोलायचं धाडस होत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या भाषेत बोलून टाकलं. गाडी मी घरी आणली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं ते मला अगदी ओळखीचं वाटलं. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळसर, धुरकट होतं, उजेड सरळ आत जाण्याऐवजी विखुरतो. म्हणून अशा माणसाला उजेड जास्त लागतो आणि समोरचा उजेड सहनही होत नाही. बाबा एलईडी मागत होते आणि त्याच एलईडींना घाबरत होते, त्याचं कारण हे. रस्त्यावर असे किती जण असतील, जे स्वतःला दिसत नाही म्हणून दुसऱ्याला दिपवत असतील!

जून आणि जुलैमध्ये एकेक डोळ्याचं ऑपरेशन झालं. नंतर मी वाचत बसले तेव्हा कळलं की डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पनाही एका वाहनाच्या काचेतून आली आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्यांनी ते सहन केले, हे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९४९ मध्ये लंडनला त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं पहिलं भिंग बसवलं. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ते पॉलिश कसं केलं असेल?"

गणपतीला आम्ही रात्री निघालो नाही. पहाटे पाचला निघालो आणि वडखळला गर्दीत रीतसर अडकलो. सामान भरल्यावर गाडीचं नाक वर होतं आणि झोतही, म्हणून बाबांनी डॅशबोर्डवरचं ते आकड्यांचं छोटं चाक फिरवून दिवे खाली केले. एवढ्या वर्षांत त्या चाकाला कुणी हात लावला नव्हता. उजाडेपर्यंत मी चालवलं, मग बाबांनी. रात्रीची गाडी आता माझी, हे कुणी ठरवलं नाही, किल्ली तेवढी माझ्या खुंटीवर टांगलेली असते. डॉक्टर म्हणतात हळूहळू रात्रीही चालवायला हरकत नाही. बाबा म्हणतात, बघू.

भिंतीवरच्या खडूच्या रेघा पावसात गेल्या, तेव्हा बाबांनी ऑइल पेंटने आखून घेतल्या. सोसायटीत कुणी नवे दिवे लावून आलं की ते त्याला काही शिकवत नाहीत, कायदाही सांगत नाहीत. "जरा गाडी इथे उभी कर," म्हणतात. इंजिन चालू, डिपर चालू. मग पट्टीने ८ मीटर मोजून जमिनीवर केलेल्या खुणेवर त्या माणसाला स्वतःच्याच गाडीसमोर उभं करतात. परवा चौथ्या मजल्यावरचा मुलगा असा उभा होता. नवी गाडी, पांढरेशुभ्र दिवे, हौसेने स्वतः बसवलेले. दोन सेकंदांत त्याने हात डोळ्यांवर घेतला.

"काका, बंद करा ना!"

"थांब," बाबा म्हणाले. "अजून गाडी जवळ आलेली नाही."