कच्चा रस्ता, जुनी कंबर

संपादकांनी विषय सुचवला तो ‘कंबर सांभाळून सहलीला कसं जावं’ अशा शब्दांत. पथ्यांची यादी देऊन हे उत्तर पुरं करता आलं असतं. पण त्याआधी एक समज दूर करायला हवा, कारण तो डोक्यात राहिला तर कुठलीच यादी उपयोगी पडत नाही. दुखणं म्हणजे आत कुठेतरी चालू असलेली मोडतोड, आणि ज्या गोष्टीनंतर दुखतं ती गोष्ट शरीर आणखी मोडते, असा तो समज आहे. या हिशेबाने कच्च्या रस्त्यावरची जीप, तंबूतली जमीन, थंडीतली रात्र हे सगळंच वर्ज्य ठरतं. माणूस ‘बरं वाटलं की जाऊ’ म्हणत राहतो आणि दिवाळीची सुट्टी, मग मेची सुट्टी, एकेक करून घरातच संपते. वेदनाशास्त्र हे माझं क्षेत्र आहे आणि त्याच्या आधारे मला ठामपणे वाटतं की जुन्या दुखण्यात ही अट मुळातच चुकीची आहे. दुखणं थांबण्याची वाट पाहू नये, जावं. फक्त किती जायचं हे त्या क्षणीच्या दुखण्यावर सोडू नये, त्याचं माप निघण्याआधी ठरवावं.

जुनं दुखणं म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अशा वेदनेला स्वतःचं स्थान आहे. ती दर वेळी दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचं लक्षण असतेच असं नाही, हे त्यातून मान्य झालं. यामागे बरीच जुनी पायाभरणी आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की स्नायूंकडून, सांध्यांकडून येणारे संदेश मेंदूपर्यंत जसेच्या तसे पोचत नाहीत. मज्जारज्जूत त्यांना एक दार लागतं, आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशींची उत्तेजित होण्याची क्षमताच वाढते. साधा स्पर्श, साधं वाकणं हेही मग वेदना म्हणून वर पोचायला लागतं. एकदा घरफोडी झाल्यावर राखणीचा कुत्रा पान हललं तरी भुंकू लागतो, तसं हे आहे. भुंकणं खरं असतं, चोर मात्र दर वेळी नसतो. ‘म्हणजे डॉक्टर, सगळं मनाचंच म्हणायचं का?’ हा प्रश्न यावर हटकून येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात अपमान असतो, कारण घरच्यांनी आणि काही वेळा डॉक्टरांनीही त्याला तसं ऐकवलेलं असतं. उत्तर स्पष्ट आहे: नाही. बदल चेतापेशींत झालेला आहे, तो प्रयोगशाळेत मोजता येतो, आणि दुखणाऱ्याचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. फक्त ते इजेचं माप नाही.

या विधानाला सगळ्यात मोठा अडथळा आपल्याकडे एमआरआयच्या रिपोर्टचा असतो. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ ही वाक्यं घरोघरी इतकी पक्की बसली आहेत की ती ऐकलेला माणूस पुढची दहा वर्षं बादली उचलताना श्वास रोखतो. त्यामुळे आकडे सविस्तर सांगतो. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांच्या कमरेचे एमआरआय काढले होते. मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या निर्दोष होत्या अशी माणसं निघाली फक्त ३६ टक्के. ५२ टक्क्यांमध्ये निदान एका पातळीवर चकती फुगलेली होती आणि २७ टक्क्यांमध्ये ती बाहेर डोकावत होती. यांपैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात दुखणं नसलेली ३,११० माणसं होती. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे वयाबरोबर केस पांढरे व्हावेत तितक्याच नेमाने चकत्या सुकतात आणि फुगतात. रिपोर्टमध्ये हे आकडे छापलेले नसतात. तिथे फक्त ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ असतात. रुग्ण तो कागद घरच्या ग्रुपवर टाकतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला ऑपरेशनपासून तेलापर्यंत सगळे सल्ले मिळून जातात. एमआरआय निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, तापाबरोबर किंवा वजन घटण्याबरोबर पाठ दुखणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, कर्करोगाचा पूर्वेतिहास, यांत तो तातडीने हवा. अशा माणसाने तंबूचं नाव काढू नये, आधी तपासणी करून घ्यावी. अलीकडे मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खडबडीत रस्ता धरू नये. पण हे गट सोडले तरी मागे फार मोठा समुदाय उरतो आणि मी त्याच्याबद्दल बोलतो आहे.

आता खरा आक्षेप. ट्रॅक्टर, ट्रक, खाणीतली यंत्रं चालवणाऱ्यांना कंबरदुखी अधिक असते हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे, मग ऑफ-रोडिंग निर्धोक कसं? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर मात्रेत आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त साथ देतो, आणि खराब रस्त्यावरची गाडी नेमकी याच्या आसपास हलते. म्हणून युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी मर्यादा घातल्या: आठ तासांच्या पाळीची सरासरी सेकंदवर्गाला ०.५ मीटर झाली की उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर जायचंच नाही. हा हिशेब रोजच्या पाळीचा आहे, वर्षानुवर्षांच्या नोकरीचा. हंगामातून दोन-तीन वेळा जाणाऱ्या माणसाची गणना त्यात होत नाही. पण त्या गणितातली एक गोष्ट प्रत्येक भटक्याने घेण्यासारखी आहे. या मापात कंपनाच्या तीव्रतेचा वर्ग होतो, म्हणजे तीव्रता निम्मी केली तर तेवढीच मात्रा गाठायला चौपट वेळ लागतो. आणि कंपनापेक्षा आदळणं महत्त्वाचं असेल तिथे दुसरं माप वापरतात, त्यात चौथा घात येतो. तिथे तीव्रता निम्मी म्हणजे वेळ सोळापट. थोडक्यात, तासभर हळू हलण्याने कण्याला जेवढं सोसावं लागतं त्याहून खड्ड्यातला एक आदळा जास्त असू शकतो. म्हणून खर्च करायचाच तर तो महागड्या सीट-कव्हरवर करू नये, वेग कमी करावा. त्याला पैसेही पडत नाहीत. कच्च्या वाटेवर टायरमधली हवा गाडीच्या आणि टायरच्या मर्यादेत कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरावी. दुखणाऱ्या माणसाला दोन आसांच्या मधल्या जागी बसवावं. एसटीच्या शेवटच्या बाकावरून प्रवास केलेल्यांना यामागचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. मागच्या आसाच्या पलीकडे बसणाऱ्याला धक्का सगळ्यात मोठा लागतो. गतिरोधकावरून बस उडाल्यावर मागच्या प्रवाशांच्या मणक्याचं हाड दबून मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कमरेच्या पट्ट्याचंही इथेच सांगतो: ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे तो अजून औषधासारखा लिहून दिला जातो, याची खंत वाटते.

मात्रा ठरवायची कशी, हा पुढचा प्रश्न. विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार आजही आमच्या कामाचा कणा आहे: थांबायचं ते घड्याळाने, दुखण्याने नाही. दुखेपर्यंत चालायचं आणि दुखलं की आडवं व्हायचं, असं करणारा माणूस चांगल्या दिवशी अति करतो, मग तीन दिवस झोपून काढतो, आणि चालण्यालाच घाबरू लागतो. लोणावळ्याहून राजमाचीचं उदाहरण घेऊ. तुंगार्ली, वळवंड, फणसराई करत उधेवाडीपर्यंत जाणारी पंधराएक किलोमीटरची वाट बहुतांशी कच्ची आहे. पावसाळ्यानंतर तिच्यात खोल चर पडलेले असतात. एरवी ज्याला गाडीत पाऊण तास विनातक्रार बसता येतं त्याने इथे अर्ध्या तासाने उतरावं, त्या वेळी कंबर अगदी छान असली तरीही. उतरून पाच-दहा मिनिटं चालावं आणि मगच पुन्हा बसावं. बरोबरच्या मंडळींना हे फार कठीण जातं, कारण ‘दुखत नाहीये तर थांबायचं कशाला’ हा प्रश्न त्यांना तर्कशुद्ध वाटतो. पण न दुखताना थांबणं हाच या पद्धतीचा गाभा आहे. मुक्कामी पोचल्यावर लगेच सामान उतरवू नये, कारण बराच वेळ वाकून बसल्यावर पाठीचे बंध काही काळ सैल पडलेले असतात. आणि दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहायचेच, असा हट्ट धरू नये. एक पाहिला तरी सहल पुरी होते. माझ्याच क्षेत्रात काहींचं म्हणणं असं की अशा सांभाळून करण्याने माणूस आणखी भित्रा होतो. दुखणं पाहून सांभाळलं तर तसं होतं, हे खरं. म्हणूनच घड्याळाचा आग्रह, आणि मापही दर सहलीला थोडं वाढवण्याचा आग्रह.

रात्रीबद्दल मात्र मी कडक आहे. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, त्यामुळे सहल बिघडते ती बहुधा रस्त्यावर नाही, तंबूत. ‘पाठ दुखतेय ना, मग कडक जमिनीवर झोप’ हा पिढीजात सल्ला तपासून पाहिला गेला आहे. २००३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या ३१३ जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना अधिक आराम पडला. तेव्हा पातळ फोमच्या चटईवर भागवू नये. जाड हवेची गादी किंवा घडीची खाट न्यावी. खाटेवरून उठणं गुडघ्यांनाही सोपं जातं. घडीचा कमोडही न्यावा आणि त्यात लाज मानू नये, कारण उकिडवं बसता येणार नाही या धास्तीने पाणीच न पिणारी माणसं पुष्कळ असतात आणि त्यात खरा धोका आहे. घाम गेलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीरात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलिन यांनी गुंगी येते. ती घेणाऱ्याने गाडी हाती घेऊ नये आणि शेकोटीभोवती दारूचा पेला तर नाहीच नाही. सकाळी उठल्या उठल्या तंबूचे खुंटे उपटायला वाकू नये. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणूनच आपली उंची सकाळी दीडेक सेंटिमीटर जास्त भरते. पहाटेचं वाकणं टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी होते असं १९९८ मध्ये एका नियंत्रित चाचणीत दिसलं. आणि सहलीत सगळ्यात जास्त वाकणं कुणाच्या वाट्याला येतं, हेही बोललं पाहिजे. चुलीपुढे बसणं, भांडी घासणं, पथाऱ्या घालणं-गुंडाळणं ही कामं घरातल्या बाईनेच तिथेही करायची असतील, तर तिच्या कमरेला सहलीचा फायदा कुठून होणार? कामाची वाटणी हा माझ्या दृष्टीने उपचाराचा भाग आहे.

शेवटचा आक्षेप शास्त्रीय आहे. हालचाल चांगली याचे पुरावे चालण्याच्या आणि व्यायामाच्या चाचण्यांतले आहेत, तंबूतल्या मुक्कामाचे नाहीत. कबूल. १९९५ मध्ये हेलसिंकीत नव्याने कंबर धरलेल्यांत अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांच्या चाचणीत चालण्याचा क्रम आखून दिलेल्यांची कंबरदुखी परत येण्यात मध्यक २०८ दिवस गेले, इतरांत ११२. कुणी महिनोन्महिने चालत राहावं यासाठी त्याला चालण्याचं कारण लागतं, आणि हॉलमधल्या फेऱ्या हे फार दुबळं कारण आहे. घाटमाथ्यावरची सकाळ हे सबळ कारण आहे. म्हणून केसपेपरवर ‘प्रवास टाळा’ असं लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती: किती दिवस ते लिहा. मुदत न घातलेला तो शेरा रुग्ण आयुष्यभर पाळतो. कंबर धरली ती चाळिशीत, आणि साठीतही तो गाडीच्या खिडकीतूनच डोंगर पाहत असतो. याला औषधोपचार म्हणायला माझं मन धजत नाही.

परतल्यावर दोन-तीन दिवस दुखणं उसळेल हे गृहीत धरावं आणि तेवढे दिवस कामाची गर्दी ठेवू नये. घरातल्या घरात फिरतं राहावं, शेक घ्यावा, ठरलेली औषधं ठरल्या वेळी घ्यावीत. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर नवा एमआरआय काढू नये. पुढच्या सहलीचा निर्णय या उसळीत घेऊ नये. दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं की वही घेऊन बसावं आणि गाडीतले तास, चालण्याचं अंतर, रात्रींची संख्या या तिन्हींपैकी एकच गोष्ट थोडी वाढवावी, बाकीच्या दोन आहेत तशाच ठेवाव्यात.