चाकांची निवड

मोटारीच्या टायरवरचे आकडे तुम्ही कधी वाचले आहेत का?

माझ्या चुलतभावाकडे दोन दारांची, ठेंगणी स्पोर्ट्स कार आहे. तिची १७ इंची चाके काढून १९ इंची चकचकीत अलॉय चाके बसवायची, असे त्याच्या मनात होते. आम्ही पेणला टायरवाल्या चाचांकडे गेलो.

त्याच्या टायरवर २२५/४५ आर १७ असे लिहिले होते. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या ४५ टक्के, सुमारे १०१ मिलिमीटर. चाक १९ इंची घेतले, तर टायर २२५/३५ चा लागतो. नाहीतर चाकाचा घेर वाढतो आणि वेगाचा काटा चुकतो. मग रबर उरते फक्त ७९ मिलिमीटर. गणित करून पाहा! वडखळ-नागोठणे रस्त्यावरचे पावसाळ्यातले खड्डे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या २२ मिलिमीटरची किंमत कळेल. दणका बसला की चाकाची कड वाकते, टायर फुटतो आणि गाडी आवरत नाही.

"बेटा, तुला रोज रोह्याला जायचे आहे ना?" चाचांनी एवढेच विचारले. भाऊ हिरमुसला. मला मात्र चाचांचे पटले. शेवटी १७ इंचीच, पण वजनाला हलकी चाके ठरली.

पाच छिद्रे जुळली की चाक बसते, असे नाही. छिद्रांच्या वर्तुळाचा व्यासही जुळावा लागतो, ११४.३ मिलिमीटरच्या जागी ११२ चालत नाही. चाचांनी तो मोजला आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी भावाने गाडी थांबवली. चाके निवल्यावर नट पुन्हा तपासले. एक नट पाव फेरा फिरला.