गाय गेली, नंबर राहिला

गेल्या वर्षी कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना आम्ही दुसऱ्या वेताची गाय विकायला काढली. बाजारात दलाली जाते म्हणून मीच मोबाइलवर जाहिरात टाकली. नंबर आबांचा दिला, कारण गोठ्यात तेच असतात. त्याच नंबराला त्यांचं बँक खातं जोडलेलं आहे, दुधाचं बिल तिथंच जमा होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी धारेच्या वेळी एकाचा हिंदीत फोन आला. फौजेत आहे, बदली पुण्याला झालीय, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. मागोमाग गणवेशातला फोटो आणि एक क्यूआर कोड. फौजेचं नाव काढलं की आबांचा आवाज मऊ होतो. मी उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या उतरवून आले, तर ते दुधाने ओल्या अंगठ्याने पिन टाकत होते. दोन आकडे पडले होते. काच ओली, तिसरा उमटत नव्हता.

"आबा, थांबा! पैसे घ्यायला पिन लागत नाही."

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे वाचले, पण आबा त्या रात्री जेवले नाहीत.

गाय चार दिवसांत फलटणकडे गेली. जाहिरात मी लगेच काढली, फोन मात्र थांबेनात. कर्ज हवंय का, बक्षीस लागलंय, रात्री अकराला मिस कॉल. नंबर बदलावा तर बँक, आधार, डेअरी, सगळीकडे तोच.

जाहिरातीच्या ॲपच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, नंबर दाखवायचा पर्याय तुम्हीच चालू ठेवला होता. तो आधीपासूनच चालू होता. मी बंद केला नव्हता, एवढंच. मग 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचायला बसले. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. न दाबलेल्या एका बटणाला 'स्वतःहून' म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. हा पर्याय मुळात बंदच असला पाहिजे. ज्याला हवा तो चालू करील. टॅक्सीच्या ॲपवर चालक आणि प्रवासी एकमेकांचा खरा नंबर न कळता बोलू शकतात, मग गाय विकणाऱ्यालाच तो आडोसा का मिळू नये?

यंदा कालवड विकली, ती फक्त चॅटवर बोलून. घेणारा इंदापूरकडचा. गोठ्यात आला, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, चहा घेतला. व्यवहार ठरल्यावर आबांनी त्याची वही मागून घेतली आणि आपला नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला.