पंधराव्या वर्षी लिहिलेला एक शब्द



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली. दर वर्षीप्रमाणे मोबाइलवर "उत्तम क्षमा"चे दोन-अडीचशे मेसेज आले, तितकेच मीही पाठवले. हात जोडलेलं चित्र, खाली दोन ओळी, की झालं काम. यंदा मात्र ते पाठवताना बोट अडखळत होतं. घरात जे घडलं ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

माझा मोठा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या शहरात, होस्टेलवर. पर्वाच्या आधी एका संध्याकाळी आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवायला बसलो होतो, तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. कॉलेजमधून होता. "पालकांनी येऊन भेटावं." सुनेच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली.

झालं होतं ते असं. २०२०-२१ साली हा दहावीत होता. लॉकडाऊन होता, शाळा मोबाइलवर भरायची आणि शाळेच्या मुलांचा एक ग्रुप होता. त्या ग्रुपवर एका वर्गमित्राला याने लिहिलं होतं, "तू कशाला अभ्यास करतोस, तुम्हाला तर तसंही मिळणारच." आणि पुढे एक शब्द. तो जातीवरून होता. मी तो इथे लिहिणार नाही. त्या ग्रुपमधल्या तिसऱ्याच एका मुलाने त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. तो मुलगा आता याच्याच कॉलेजात आहे. गॅदरिंगच्या हिशेबावरून दोघांचं वाजलं आणि त्याने पाच वर्षांपूर्वीचा तो फोटो सगळ्या वर्गात फिरवला. मुलं चिडली, आणि चिडण्यासारखंच होतं ते. "याला कॉलेजातून काढा" असा अर्ज प्राचार्यांकडे गेला.

माझी पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगते. मी म्हटलं, "अहो, पंधरा वर्षांचं पोर होतं ते! त्या वयात काय कळतं? आणि पाच वर्षांपूर्वीचं उकरून काढतात म्हणजे काय?" कोणतीही आजी हेच म्हणेल.

त्या रात्री झोप लागली नाही. मग पुण्याची ती मुलगी आठवली. तुम्हीही वाचलं असेल. मे २०२५ मधली गोष्ट. जम्मू-काश्मीरची एकोणीस वर्षांची मुलगी पुण्यात कोंढव्याच्या सिंहगड अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगमध्ये शिकत होती. ऑपरेशन सिंदूरच्या काळात, ७ मेला, तिने इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कुणाची तरी भारतावर टीका करणारी पोस्ट पुढे टाकली. धमक्या येऊ लागल्यावर दोन तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी ९ मेला पोलिसांनी तिला अटक केली आणि कॉलेजनेही तिला काढून टाकलं. तिचं म्हणणं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. पोरगी येरवड्याच्या तुरुंगात आणि इकडे तिची परीक्षा सुरू. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांनी सरकारला आणि कॉलेजला चांगलंच सुनावलं. विद्यार्थिनीला सुधारायचं आहे की गुन्हेगार करायचं आहे, असा त्यांचा सवाल होता.

त्या वेळी ती पोस्ट मलाही मुळीच पटली नव्हती. आपले जवान सीमेवर असताना असं लिहावं का, असं वाटलंच. पण परीक्षेच्या तोंडावर पोरीला तुरुंगात टाकलेलं त्याहून कमी पटलं. त्याआधी २०१२ मध्ये पालघरचंही झालं होतं. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने फक्त "लाइक" केलं, तर दोघींना अटक. त्यावरूनच श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी आयटी कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं.

हे सगळं आठवून मी मनाशी म्हटलं, बघा, कोर्टसुद्धा मुलांच्या बाजूने आहे. आमच्या नातवालाही सोडायलाच हवं.

पण मैत्रिणींनो, मी बी.कॉम. आहे. जमेची बाजू लिहिली की नावेची बाजू लिहावीच लागते, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. पुण्याच्या मुलीने मत मांडलं होतं. चुकीचं म्हणा, पण सरकारच्या धोरणावरचं. पालघरच्या मुलींनी बंदवर प्रश्न विचारला होता. आमच्या नातवाने मत मांडलं नव्हतं. त्याने समोरच्या एका मुलाला त्याच्या जन्मावरून हिणवलं होतं. या दोन रकमा एकाच खात्यात कशा टाकायच्या?

डॉ. पायल तडवी आठवते ना? जळगावकडची आदिवासी समाजातली मुलगी, मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, जातीवरून अपमान करणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे, तरीही हे झालं. शब्दाने काय होतं, असं तिच्या आईसमोर कोण म्हणू शकेल? आणि तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघींना अटी घालून आपलं शिक्षण पुरं करायची परवानगी दिली, कारण खटला चालू होता आणि गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. इतक्या गंभीर आरोपातही शिक्षणाचं दार बंद केलं नाही. ते वाचून मला तेव्हा राग आला होता. आता, स्वतःचा नातू समोर असताना, मी ते वेगळ्या नजरेने वाचते आहे. म्हणजे माझी तराजू किती खरी, ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी नातू घरी आला. मान खाली. त्याचे आजोबा रागाने विचारत होते, "असले शब्द शिकलास कुठे?" तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

कारण मला माहीत होतं कुठे. याच डायनिंग टेबलावर. त्या लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे दिवसभर घरात. भाच्याला मेडिकलला प्रवेश मिळाला नव्हता, त्यावरून रोज चर्चा. पोळ्या लाटता लाटता मीच म्हणाले होते, "त्यांचं काय बाई, त्यांना मिळतंच." आणि तो शब्दही या घरात कुणी ना कुणी उच्चारला होता. पाणी गाळून पिणारं घर आमचं. चातुर्मासात पालेभाजी बंद, सूक्ष्म जीवसुद्धा मरू नये म्हणून केवढी काळजी. तोंडातून निघणारा शब्द मात्र कुणी गाळला नाही. भाषा समिती शिबिरात शिकलो ती वहीतच राहिली.

मग आणखी मागचं आठवलं. १९७८ साली विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी कॉलेजात नुकतीच गेले होते. खेड्यापाड्यांत घरं जळली. नामविस्तार झाला तो थेट १४ जानेवारी १९९४ ला. त्या दिवसांत माझ्या शेजारच्या बाकावर छावणीकडून येणारी एक मुलगी बसायची. मी तिच्याकडून अकाउंटन्सीच्या नोट्स घ्यायचे. एकदा चार मैत्रिणींत मी नामांतरावरून काहीतरी बोलले. ती मागेच उभी होती. पुढच्या तासाला ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, आणि पदवी मिळेपर्यंत तिथेच बसली. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. माझा स्क्रीनशॉट कुणी काढला नाही. माझ्या वडिलांना कॉलेजने बोलावलं नाही. मी सुखाने बी.कॉम. झाले, लग्न होऊन संसाराला लागले.

आजच्या मुलांचं दुर्दैव एवढंच की त्यांचा शब्द हवेत विरत नाही. परदेशातही हेच चाललं आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने २०१९ मध्ये एका मुलाचा दिलेला प्रवेश काढून घेतला, कारण सोळाव्या वर्षी त्याने खासगी लिखाणात वर्णद्वेषी शब्द वापरले होते. त्याने माफी मागितली, तरीही. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये एक चांगलं तत्त्व आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा घडला तरी, काही विशेष परिस्थिती सोडून, त्याची जुनी नोंद पुसली जावी, त्याला नव्याने सुरुवात करता यावी. चोरी केलेल्या पोराला नवी पाटी मिळते, मग वाईट शब्द लिहिलेल्याला का नको?

आपल्या शास्त्राने तर हा विचार फार आधी केला आहे. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, म्हणजे दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न आणणं. जिनेंद्रभक्त शेठजींची कथा लहानपणी पाठशाळेत ऐकलेली आठवत असेल. क्षुल्लकाचं रूप घेऊन आलेला चोर चैत्यालयातलं रत्न घेऊन पळाला, लोकांनी पकडला, तर शेठजी म्हणाले, रत्न त्यांनी माझ्याच सांगण्यावरून आणलं. आणि नंतर एकांतात त्याला खडसावलं. मला पूर्वी ही कथा फार आवडायची. आता एक प्रश्न पडतो. तिथे रत्न शेठजींचं होतं, म्हणून झाकायचा हक्कही त्यांचा होता. इथे अपमान दुसऱ्याच्या मुलाचा झाला होता. तो झाकून टाकायचा हक्क मला कुणी दिला?

म्हणून मला प्रायश्चित्ताची वाट जास्त खरी वाटते. तत्त्वार्थसूत्रात त्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत: आलोचना, प्रतिक्रमण, तदुभय, विवेक, व्युत्सर्ग, तप, छेद, परिहार आणि उपस्थापना. बघा, सुरुवात गुरूंसमोर दोष स्वतःच्या तोंडाने सांगण्यापासून. दोष मोठा तसं प्रायश्चित्त मोठं. छेदात दीक्षेची ज्येष्ठता कमी होते, परिहारात ठरावीक काळ संघापासून दूर राहावं लागतं. आणि शेवटचं, सगळ्यांत कडक, ते उपस्थापना; म्हणजे नव्याने दीक्षा देऊन पुन्हा उभं करणं. नवव्या पायरीवरसुद्धा परत येण्याची वाट आहे.

कॉलेजांनी शिक्षा करावी का, याला माझं उत्तर आता असं आहे. मत चुकीचं वाटलं म्हणून करू नये. एखाद्याला त्याच्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून हिणवलं असेल तर गप्पही बसू नये. पण आधी मुलाचं ऐकावं. तेव्हा त्याचं वय काय होतं, आज तो तसाच आहे का, ते पाहावं. ज्याला लागलं त्याला विचारावं. स्क्रीनशॉट कुणी आणि कशासाठी काढला तेही पाहावं. आणि शिक्षा अशी असावी की जिचा शेवट ठरलेला आहे.

नातवाच्या कॉलेजने समिती नेमली, त्याचं ऐकून घेतलं. त्याने काही नाकारलं नाही. एक सत्र होस्टेलबाहेर, गॅदरिंगच्या कामातून दूर आणि लेखी माफी. परीक्षा आणि वर्ग सुरू. सूनबाईला ही शिक्षा जास्त वाटते. मला वाटत नाही.

माफीचं पत्र कॉलेजला दिलं, पण ज्याला तो शब्द लागला तो मुलगा इथे आपल्याच शहरात शिकतो. नातू म्हणाला, "आजी, मी त्याला मेसेज टाकतो." मी म्हटलं, "लिहून दुखावलंस, आता तोंडाने बोल." तो एकटा गेला. तासाभराने परत आला. त्या मुलाने त्याला आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "तू विसरला होतास ना? मी नव्हतो विसरलो." माफ केलं असं काही म्हणाला नाही. नातवाचा चेहरा उतरला होता. मी त्याला सांगितलं, क्षमा मागणं आपल्या हातात, देणं त्याच्या हातात. आणि त्याने दिलीच पाहिजे असं समजलास तर तेही एक प्रकारचं मागणंच झालं, माफी नव्हे.

त्याला हे सांगताना मला माझा तो बाक दिसत होता. सत्तेचाळीस वर्षांत किती क्षमावाणी झाल्या असतील! ओळखी-अनोळखी सगळ्यांची क्षमा मागितली, तिची कधी नाही. लग्नानंतर तिचं आडनाव काय झालं, ती कुठे आहे, मला काहीच माहीत नाही. जुन्या वर्गातल्या दोघी-तिघींना फोन केले आहेत. एकीने सांगितलं, ती बँकेत लागली होती बहुतेक. शोधते आहे.

तुमच्या घरी असं काही घडलं तर तुम्ही काय कराल, ते जरूर सांगा. आणि आज रात्री जेवताना टेबलावर काय बोललं जातं, तेवढं कान देऊन ऐका. लेकरं ऐकत असतात.

उत्तम क्षमा.